मेळाव्याचा तंबू

पाळकसाहेबांनी आशीर्वाद दिला, लोक उठायला लागले, तेवढ्यात ते म्हणाले, "बसा, बसा. एक राहिलंच!"

उठलेले पुन्हा बसले. पाळकसाहेब वयाने तरुण. आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये येऊन त्यांना अजून वर्षही झालं नव्हतं, पण आनंदाची बातमी त्यांच्या पोटात राहत नाही हे एव्हाना सगळ्यांना कळून चुकलं होतं. उपासना चालू असताना सगळा वेळ त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उकळत होतं.

"यंदाचा तरुण मेळावा," ते म्हणाले, "आपल्याकडे!"

 तरुण संघाच्या बाकांवर असा काही गलका उठला की आईच्या मांडीवरचं एक पोर दचकून रडायला लागलं. आसपासच्या सगळ्या मंडळ्यांतली मुलंमुली वर्षातून एकदा मेळाव्याला जमत. दिवसभर गाणी, खेळ, प्रार्थना, आणि देवाचा आपापला अनुभव सांगायच्या साक्षी. पण तो भरवायचा मान कायम मोठमोठ्या मंडळ्यांना, ज्यांच्याकडे सभागृह आहे त्यांना. आमची पोरं भाड्याच्या बसने जायची, गायनस्पर्धेत शेवटून पहिली यायची, जेवायची आणि परत यायची.

"बसवणार कुठे सगळ्यांना?" मागून आत्याबाईंनी विचारलं. मंडळीत काहीही रांधायचं असलं की मोठं पातेलं त्यांच्या हाती असे, त्यामुळे माणसांचा हिशेब त्यांच्या डोक्यात सगळ्यांच्या आधी सुरू होई. "आपलं मंदिर म्हणजे काडेपेटी. शिंक आली तर शेजाऱ्याची परवानगी घ्यावी लागते."

"शेजारी मैदान आहे," पाळकसाहेब म्हणाले.

"आणि डोक्यावर?"

तेव्हा तरुण संघातल्या सगळ्या माना एकाच दिशेला वळल्या. तिसऱ्या बाकाच्या टोकाला आत्याबाईंची भाची बसली होती. तिच्या वडिलांचं तंबू, कनाती आणि गाड्यांची आवरणं शिवायचं दुकान. कॉलेज संपल्यापासून तीही तिथेच मशीनवर बसे. संघातली पोरं तिला तंबूताई म्हणत, आणि संघाची सेक्रेटरीही तीच होती.

"होईल," तंबूताई म्हणाली. म्हणून झाल्यावर तिला आठवलं की तंबू बाबांचा आहे.

बाबा दुकानात होते. रविवारीही. एके काळी गायनमंडळात खालचा सूर त्यांचा असे. ते गायला लागले की बाकाच्या लाकडाला हात लावावा, आत गुणगुण जाणवायची. तीन वर्षांपूर्वी घशात गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला, आवाज मात्र गेला. उरली ती नुसती खरखर, जाड कागद चुरगळावा तशी. बरे होऊन पहिल्यांदा उपासनेला आले, गीत सुरू झालं, सवयीने त्यांनी तोंड उघडलं, आणि पुढच्या बाकावरचं एक लहान मूल वळून त्यांच्याकडे बघून हसलं. मुलाचा काय दोष? पण बाबांनी गीताचं पुस्तक मिटलं ते मिटलंच. दर रविवारी दुकानात काही ना काही तातडीचं काम निघू लागलं. आई तंबूताईच्या लहानपणीच गेलेली. घरात बाबा, ती आणि आत्या. दोघींनीही समजावून पाहिलं, पण पालथ्या घड्यावर पाणी.

"बाबा, मोठा तंबू मोकळा आहे ना पुढच्या महिन्यात?"

"कोणाला हवाय?" ते कापड कापत होते. कात्री थांबली नाही.

"मंडळीला. तरुण मेळावा आपल्याकडे आहे!"

"तू हो म्हणून आलीस."

"हो."

"मग विचारतेस कशाला? सांगतेस असं म्हण." कापलेला तुकडा त्यांनी झटकला. "माणसं किती?"

तिने आकडा सांगितला. आता कात्री थांबली.

"एवढ्याने भागायचं नाही. दोन तंबू मधोमध जोडावे लागतील. शिवण मी घालतो. उभा तू कर."

"आणि तुम्ही?"

"मी तिथे येणार नाही."

"तुमच्याशिवाय मला कसं जमेल?"

"हात आहेत ना तुम्हा पोरांना? तोंडंही आहेत, माझ्यापेक्षा चालणारी."

पुढचे दिवस कसे गेले ते तंबूताईला नंतर आठवेनाच. पायाला भिंगरी लागली होती. सकाळी दुकान, दुपारी पाळकसाहेबांबरोबर कार्यक्रमाची आखणी, संध्याकाळी गाण्याची तालीम. बसायला सतरंज्या इथून, पिण्याच्या पाण्याच्या टाक्या तिथून. पण रोज जेवणं झाल्यावर बापलेक दुकानाच्या फरशीवर कापड पसरून समोरासमोर बसत आणि वीतभर लांबीच्या दाभणाने जोड घट्ट करत. त्या वेळी बाबा बोलत, एरवी बोलत नसत तेवढं.

"त्या मैदानाची एक बाजू उघडी आहे," ते म्हणाले. "रस्त्याची नाही, शेताची. वारा तिकडून येतो. तिकडे दुहेरी दोर घे आणि खुंट्या लांब घे."

"बरं."

"बरं नको. खुंटी कोपरापासून मनगटापर्यंतच्या लांबीइतकी आत गेली पाहिजे. आणि शिट्टी ठेव जवळ. तंबू उभा करताना बोंबलून काही होत नाही. लांब शिट्टी म्हणजे ओढा. दोन तोकड्या म्हणजे सैल सोडा. पोरांना एवढं पाठ करून घे."

मेळाव्याच्या आदल्या दिवशी तंबू उभा राहिला. पहिल्यांदा तो उभा राहिला आणि बसला. दुसऱ्यांदा उभा राहिला आणि उंटासारखा गुडघ्यांवर टेकला. एका पोराने लांब शिट्टीला दोर सोडला, दुसऱ्याने तोकड्या शिट्टीला ओढला, आणि पाळकसाहेब बाह्या सरसावून मधल्या खांबाला मिठी मारून ओरडत होते, "प्रभू, धर!" कापडाखाली अडकलेल्या दोन मुली इतक्या हसत होत्या की त्यांना बाहेरच येता येईना. तिसऱ्या खेपेला लांब शिट्टी वाजली, सगळे एकदम मागे रेलले, आणि पिवळंधमक कापड वर चढत चढत टरारून फुगलं.

कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच. तंबूताईला आभाळ ठेंगणं झालं. खरं तर तिला आभाळ दिसतच नव्हतं, वर सगळा तंबूच होता.

नेमका त्याच वेळी कडक इस्त्री येऊन पोचला. हा शेजारच्या मोठ्या मंडळीच्या गायनमंडळाचा प्रमुख. तीन वर्षं लागोपाठ स्पर्धा जिंकलेला. त्याच्या शर्टाला कोणी कधी सुरकुती पाहिली नव्हती, म्हणून हे नाव. तो जागेची पाहणी करायला आला होता.

"हे... राहील ना उभं?" वर बघत त्याने विचारलं.

"तुमच्या वरच्या सुरांपेक्षा जास्त वेळ राहील," तंबूताई म्हणाली. पोरं खिदळली. कडक इस्त्रीही हसला, पण जाताना त्याने एक दोर हळूच ओढून पाहिलाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी बस यायला लागल्या. एक, मग दुसरी, मग मागोमाग तीन. प्रत्येक बसमधून आधी गाणं बाहेर पडे आणि मग माणसं. आमच्या रस्त्याने इतकी तरुण माणसं एकत्र कधी पाहिली नव्हती. सायकलच्या दुकानातला माणूस काम टाकून दारात उभा राहिला. आत्याबाईंनी चहाच्या पहिल्या पातेल्यावरचं झाकण काढलं आणि ते रिकामं झाल्यावरच परत ठेवलं.

सूत्रसंचालन तंबूताईकडे. पहिल्यांदा माइकसमोर उभी राहिली तेव्हा समोरचा समुद्र पाहून तिच्या तोंडचं पाणी पळालं. लिहून आणलेलं स्वागत ती विसरली.

"सगळे आलात," ती म्हणाली. "मला वाटलं नव्हतं खरंच एवढे याल!"

तंबू हसण्याने भरला. मग तिची भीती कुठल्या कुठे गेली. पहिलं गीत उठलं तेव्हा इतक्या गळ्यांचा आवाज कापडाला लागून परत खाली येत होता, आणि ती गाता गाता शेजारच्या मुलीचा हात घट्ट दाबत होती. एका मंडळीने टाळ्यांच्या तालावर गीत बसवलं होतं. एका मंडळीची चार पोरं गाताना चाल चुकली, थांबली, एकमेकांकडे बघून हसली आणि पहिल्यापासून गायली, तेव्हा त्यांना सगळ्यांत मोठ्या टाळ्या मिळाल्या. कडक इस्त्रीच्या गायनमंडळाने असं गायलं की आमच्या पोरांनीही मत्सर करायचं सोडून दिलं.

जेवणं आटोपली. दुपारचं सत्र सुरू झालं. एक मुलगी साक्ष देत होती, नोकरी गेल्यावरच्या दिवसांबद्दल बोलत होती, सगळे कान देऊन ऐकत होते. तेवढ्यात उघड्या बाजूचं कापड फडफडलं.

तंबूताईने मान वळवली. पुन्हा फडफडलं, या वेळी चाबकासारखं. शेताच्या बाजूला धुळीची भिंत दिसली आणि ती पुढे पुढे येत होती.

वारा तंबूत शिरला आणि अख्खं छत एक हात वर उचललं गेलं. बाहेरून 'टक्' असा आवाज आला. खुंटी निघाली. पाठोपाठ दुसरी. मधला खांब डुलायला लागला. मुलं उठून उभी राहिली, कोणीतरी किंचाळलं.

पाळकसाहेबांनी माइक घेतला. त्यांचा आवाज शांत होता. "लहान मुलं आणि वयस्क माणसं आधी. रस्त्याच्या बाजूने. मंदिरात चला. धावू नका."

माणसं निघाली. तंबूताई उलट्या दिशेने, उघड्या बाजूला पळाली. सुटलेला दोर हवेत सापासारखा वळवळत होता. तिने तो पकडला आणि तिचे पाय जमिनीवरून सुटले. आमच्या संघातल्या दोन पोरांनी तिला कमरेला धरून खाली ओढलं. तिघं मिळूनही दोर आवरेना.

"सोडून देऊ या!" एक पोरगा ओरडला. "उडू दे!"

"उडाला तर खांब घेऊन उडेल!" ती ओरडली. "तिकडे सगळे आहेत!"

रस्त्याच्या बाजूने अजून माणसं बाहेर पडत होती. म्हणजे सोडायचं तर नव्हतंच. आणि धरायचं कसं तेही कळत नव्हतं.

त्याच वेळी धुळीतून लांब शिट्टी ऐकू आली.

तिच्या गळ्यातली शिट्टी गळ्यातच होती. तिने वळून पाहिलं. बाबांची स्कूटर मैदानात आडवी पडली होती, चाक अजून फिरत होतं, आणि बाबा दोन बोटं तोंडात घालून धावत येत होते. दुकानाच्या दारातून त्यांनी आभाळाचा रंग पाहिला होता आणि शटरही न ओढता निघाले होते.

ते तिच्या कानाशी आले. "प्रत्येक दोराला दहा जण. उभं राहायचं नाही, बसायचं. टाच जमिनीत रोवून बसायचं. सांग!"

त्यांचा आवाज तिच्या कानापलीकडे पोचणं शक्यच नव्हतं. पण कानापर्यंत पोचला तेवढा पुरे होता. तिने गळा फाडून ओरडून सांगितलं.

आणि पोरं आली. आमचीच नाही, सगळ्यांची. ज्यांची नावंही ठाऊक नव्हती ती. आठ मंडळ्यांची पोरंपोरी दोरांना लगडली आणि धुळीत बसली. तंबूताईने पाहिलं तर तिच्या दोराला सगळ्यांत मागे कडक इस्त्री, दोर कमरेला गुंडाळून, पांढरी पँट मातीत.

"आधी उघडी बाजू नाही," बाबा तिच्या कानात म्हणाले. "समोरच्या बाजूचे दोर सैल सोड. कापड वाऱ्याला वाकू दे, भांडू देऊ नको."

"समोरचे, सैल!" ती ओरडली. बाबांनी दोन तोकड्या शिट्ट्या मारल्या. समोरचे दोर सैल झाले. छत खाली झुकलं आणि वारा वरून निघून गेला.

"आता आपण ओढू."

लांब शिट्टी. सगळे मागे रेलले. पण प्रत्येक जण आपापल्या वेळी ओढत होता, दोर हिसके खात होता. तेव्हा कडक इस्त्रीने मागून गायला सुरुवात केली. सगळ्यांना लहानपणीच्या रविवारच्या शब्बाथशाळेपासून पाठ असलेलं साध्या चालीचं गीत, प्रत्येक ओळीच्या शेवटी ठोका पडणारं. दुसऱ्या ओळीला त्याच्या दोराने सूर धरला, तिसऱ्या ओळीला सगळ्यांनी. ठोका पडला की ओढायचं. बाबांनी ते क्षणात हेरलं, आणि त्यांची शिट्टी बरोबर ठोक्यावर पडायला लागली. पोरं धुळीने खोकत गात होती, गात खोकत होती. पाळकसाहेब घण घेऊन खुंट्या ठोकत सुटले होते, आणि बाबा प्रत्येक खुंटीची बाहेर उरलेली लांबी हाताने मोजत, मान हलवत, "अजून" असं हातानेच सांगत होते.

किती वेळ गेला कोणी पाहिलं नाही. वारा जसा आला तसा रस्त्यापलीकडे निघून गेला. तंबू तिरका झाला होता, एका कोपऱ्याला मोठं भगदाड पडलं होतं, पण उभा होता. गीत मात्र थांबेना. मंदिराच्या पायऱ्यांवर लहान मुलं आणि म्हातारी माणसं गात होती, आत्याबाई पातेल्याच्या झाकणावर ताल धरत होत्या, आणि दोर सोडायला कोणी तयार नव्हतं.

"सोडा रे आता!" तंबूताई हसत ओरडली. "खुंट्यांनाही काही काम ठेवा!"

सगळे पुन्हा तंबूत जमले. केसांत माती, दातांत माती. हात सोलवटलेले मुलगे आणि मुली आपापले तळवे एकमेकांना दाखवत होते, बक्षीस मिळाल्यासारखे. बोलायला आलेले पाहुणे वक्ते उठले, समोर पाहिलं आणि कागद घडी करून खिशात घातले. "माझं जे सांगायचं होतं," ते म्हणाले, "ते तुम्ही बाहेर करून आलात. मी आता काय बोलू? त्या शिट्टीवाल्यांना बोलवा."

सगळे ओरडायला लागले, "शिट्टीवाले! शिट्टीवाले!" बाबा खांबामागे सरकले होते. भगदाड तपासण्याचं निमित्त करत होते. आत्याबाईंनी त्यांच्या पाठीला हात लावून त्यांना पुढे ढकललं. "जा दादा. पोरं बोलावतायत. नखरे करू नकोस."

ते माइकसमोर उभे राहिले. तंबूताईला धडकी भरली. तिने झटकन माइक त्यांच्या ओठांजवळ आणला आणि आवाज वाढवायची खूण केली.

"हे जे फाटलंय ना," बाबा म्हणाले, आणि ती खरखर मोठी होऊन तंबूभर पसरली. ते स्वतःच दचकले. थांबले. कोणी हसलं नाही. "हे जे फाटलंय, ते कापड फाटलंय. शिवण नाही. शिवण माझी आहे. एवढं लक्षात असू द्या."

आता मात्र सगळे हसले, इतके की खांब पुन्हा हलेल असं वाटलं. बाबांच्या तोंडावर हसू फुटलं.

"मी गायचो," हसू ओसरल्यावर ते म्हणाले. "आता येत नाही. म्हणून मी यायचं बंद केलं. मला वाटलं, आवाज नाही तर तिथे माझं काय काम? देवावरही रागावलो होतो, खोटं कशाला सांगू. आज दुकानातून निघालो तेव्हा असलं काही डोक्यात नव्हतं. पोरगी तिथे आहे, एवढंच होतं." त्यांनी तंबूभर नजर फिरवली. "तुम्ही छान गाता. त्या बाजूचे जरा घाई करता. पण छान."

"त्या बाजूचे" म्हणजे कडक इस्त्रीचे. त्याने तिथूनच हात वर केला. "काका, येऊन शिकवा की!"

"गाता येत नाही मला."

"ऐकता तर येतं! आमचा खालचा सूर कोणालाच ऐकू येत नाही, तुम्हाला त्याची घाई ऐकू आली. आमच्या तालमीला या."

"आधी आमच्या येतील!" आमच्या संघातून कोणीतरी ओरडलं. "आम्ही शेवटून पहिले आहोत, आमचा हक्क आधी!" त्यावरून चांगलीच जुंपली. पाळकसाहेबांनी मध्ये पडून शेवटची प्रार्थना घेतली तेव्हा कुठे मिटलं. त्या प्रार्थनेत बाबा डोळे मिटून उभे होते, आणि तंबूताई एक डोळा उघडा ठेवून त्यांच्याकडे बघत होती.

गायनस्पर्धा अर्थातच कडक इस्त्रीने जिंकली. आम्ही शेवटून दुसरे आलो आणि असा जल्लोष केला की जिंकलेले गोंधळले.

ऊन उतरायला लागल्यावर तंबू खाली घेतला. बसचे ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकले, पण बसमध्ये कोणी बसायलाच तयार नाही. कापड मैदानभर पसरलं होतं, जागोजागी हवेचे फुगे.

"असं गुंडाळता येणार नाही," बाबा तंबूताईच्या कानात म्हणाले. "आधी हवा काढायला हवी. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत."

"कशी?" कडक इस्त्रीने विचारलं.

"लोळत," तंबूताई म्हणाली.

त्याने आपल्या पँटकडे पाहिलं. तिच्यात आता वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं. तो आडवा झाला. त्याच्या शेजारी त्याचं अख्खं गायनमंडळ, मग आमची पोरं, मग पाळकसाहेब, चष्मा खिशात ठेवून.

"रविवारची उपासना अजून पूर्वीच्याच वेळी असते का गं?" असं बाबा आत्याबाईंना विचारत असल्याचं तंबूताईने ओझरतं ऐकलं. आत्याबाई काय म्हणाल्या ते तिला ऐकू आलं नाही, कारण तोवर तीही आडवी झाली होती. बाबांनी बोटं तोंडात घातली, लांब शिट्टी वाजली, आणि सगळी रांग पिवळ्या कापडावरून हसत, ओरडत, एकमेकांवर आदळत लोळत सुटली.